रद्द झालेली नोंद, उच्च न्यायालय आणि अर्धा न्याय

जमिनीच्या कज्ज्यात शेतकऱ्याच्या हाती पडणारा आदेश बहुधा दोन-तीन पानांचाच असतो. कित्येक वर्षांपूर्वी मंजूर झालेला फेरफार रद्द करण्यात येत आहे, भोगवटादार सदरी असलेले नाव कमी करून जमीन सरकारजमा करावी, तलाठ्याने त्याप्रमाणे नोंद घ्यावी, एवढाच त्याचा मथितार्थ. नोंद होताच पीककर्ज अडते, ठरलेला खरेदीव्यवहार मोडतो आणि बांधावरचा जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. मग उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल होते. तेथे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द झाला, की जमीन परत मिळाल्याची वार्ता गावभर होते. पुष्कळदा ती अर्धीच खरी असते.

याचे कारण न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या स्वरूपातच दडलेले आहे. राज्यघटनेच्या कलम 226 आणि 227 खाली उच्च न्यायालय जमीन कोणाची, याचा निवाडा सहसा करीत नाही. ते पाहते ते अधिकाऱ्याचे वर्तन. आदेश देण्याचा अधिकार त्याला कायद्याने होता काय, संबंधितास नोटीस बजावून त्याचे म्हणणे ऐकले काय आणि निष्कर्षामागची कारणे आदेशात नमूद केली काय, एवढाच तपास होतो. कारणांविषयीचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल प्रकरणात 1977 साली स्पष्ट केला. मूळ आदेशात नसलेली कारणे पुढे न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करून जोडता येत नाहीत, असा हा दंडक आहे. वाद निवडणुकीचा होता, पण महसुली प्रकरणांत या निकालाचा आधार आजही सर्रास घेतला जातो.

तथापि सुनावणी दिली नाही किंवा कारणे दिली नाहीत म्हणून आदेश रद्द होतो, तेव्हा प्रकरण फेरचौकशीसाठी त्याच कार्यालयाकडे परत जाते. तेथे यावेळी नोटीस निघते, रोजनाम्यात सुनावणीची तारीख पडते आणि पूर्वीचाच निष्कर्ष अधिक नीटनेटक्या भाषेत पुन्हा समोर येण्यास कोणताही अडसर नसतो. शेतकऱ्याला मिळालेला असतो तो ऐकून घेतले जाण्याचा हक्क. जमिनीचा प्रश्न होता तेथेच राहतो.

खरी सुटका होते ती विलंबाच्या मुद्द्यावर. त्याचे मूळ राजकोटच्या एका खटल्यात सापडते. तेथील जिल्हाधिकाऱ्यांनी जुलै 1960 मध्ये एका कब्जेदाराला जमीन बिनशेती करण्याची परवानगी दिली. आयुक्तांनी ती ऑक्टोबर 1961 मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाने रद्द केली. त्या वेळच्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम 211 मध्ये अशा पुनरीक्षणाला कोणतीच मुदत नव्हती. मुदत नाही म्हणजे अधिकार अमर्याद, हा युक्तिवाद मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली फेटाळला. परवानगी मिळालेला माणूस काही महिन्यांतच बांधकामावर पैसा खर्च करू लागणार, हे व्यवहारज्ञान निकालामागे होते. म्हणून अधिकार वाजवी मुदतीतच वापरला पाहिजे आणि या प्रकरणात तो उशिरा वापरला गेला, असे न्यायालयाने म्हटले. आयुक्तांनी कारणे दिली नव्हती, हाही दोष दाखविला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मालकीचा वाद गंभीर असेल तर महसूल अधिकाऱ्याने तो स्वतः कब्जेदाराविरुद्ध न ठरविता पक्षकारांना सक्षम न्यायालयाकडे पाठवावे, असेही सांगितले. निकालाला अर्धशतक उलटून गेले तरी हे शेवटचे वाक्य अनेक कार्यालयांत पोहोचलेले दिसत नाही.

महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल संहितेतील कलम 257 लाही हेच तत्त्व लागू पडते. तहसीलदारांचा 1976 चा आदेश 17 वर्षांनी पुनरीक्षणात घेण्यात आला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ही कारवाई अवैध ठरविली आणि वाजवी मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांपलीकडे जाऊ नये, असे नमूद केले. विक्रोळी-मुलुंड परिसरातील खासगी वनांचा वादही याच जातीचा. 1950 च्या दशकातील नोटिसांच्या आधारे तेथील जमिनींवर 2006 च्या सुमारास वनाची नोंद झाली, तोवर तेथे रीतसर परवानग्या घेऊन इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाने 2008 मध्ये रहिवाशांच्या याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी तो निकाल फिरविला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावली गेली पाहिजे आणि दशकानुदशके थंड पडलेल्या नोटिसीवर सरकारला उभे राहता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

अर्थात विलंबाची ही ढाल लबाडालाही सापडते. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन परवानगीविना विकलेली असू शकते, खोट्या वारसनोंदीवर फेरफार झालेला असू शकतो. म्हणूनच फसवणुकीच्या प्रकरणात वाजवी मुदत आदेशाच्या तारखेपासून नव्हे, तर फसवणूक उघडकीस आल्यापासून मोजावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात घेतली. आदिवासींच्या जमिनींबाबत तर कायद्यानेच मागे पाहण्याची मुभा दिली आहे. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद करणारा महाराष्ट्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये वैध ठरविला. तेव्हा नाव कमी करणारा प्रत्येक अधिकारी जुलमी आणि प्रत्येक याचिकाकर्ता गांजलेला, असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल.

आणखी एक गैरसमज सातबाऱ्याविषयीचा आहे. संहितेच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण नोंद म्हणजे मालकी नव्हे. ती मुख्यतः महसूल वसुलीसाठी असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. फेरफार रद्द झाल्याने मालकी बुडत नाही आणि तो पुनःस्थापित झाल्याने ती सिद्धही होत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो.

आणि येथेच खाचखळगा आहे. जमीन सरकारची की खासगी, याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 20 खाली रीतसर चौकशी करून दिला असेल, तर त्याविरुद्धचा दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. मुदतीत अपील केलेले असल्यास वर्ष अपिली आदेशापासून मोजतात. उच्च न्यायालयात याचिका पडून आहे म्हणून ही मुदत आपोआप थांबत नाही. वर्ष उलटल्यास दावा फेटाळला जातो. मात्र वादीला आदेशाची रीतसर सूचना मिळालेली असली पाहिजे, अशी अट त्याच कलमात आहे. आणि ती सूचना बजावल्याची पोच कार्यालयाच्या दप्तरात आहे की नाही, यावर पुष्कळ दाव्यांचे भवितव्य अवलंबून राहते.