चलान थकले, तर पासपोर्ट अडतो का?

चितेगाव-बिडकीन पट्ट्यात पैठण रस्त्यावरून रोज दुचाकीने कामावर जाणाऱ्यांना ई-चलान नवे नाही. मुलगा किंवा सून परदेशी निघाली की मात्र धास्ती वाटते.

नुसते चलान थकल्याने पासपोर्ट अडतो का? नाही. पासपोर्ट कायदा, 1967 मधील कलम 6 फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेल्या खटल्याबद्दल बोलते. मात्र अपघातात कोणी जखमी झाले आणि खटला उभा राहिला, तर न्यायालयाची परवानगी लागू शकते. अर्जात ही माहिती दडवणे हाही गुन्हाच आहे.

दारू पिऊन गाडी चालवली तर? पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही. अमेरिकेत तर अशा अटकेवरून, निकालाआधीही व्हिसा रद्द होऊ शकतो. एच-4 व्हिसावरील पत्नी-मुलांचे तेथील वास्तव्य एच-1बी धारकावरच अवलंबून असते. एकाची चूक, भोगते सारे घर.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर? 2019 च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड होतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

चलान चुकीचे वाटले तर मुदतीत तक्रार करा, बरोबर असेल तर भरून पावती जपा. व्हॉट्सॲपवर आलेली 'चलान'ची फाइल मात्र उघडू नका. कायद्याला भिण्यापेक्षा तो माहीत असलेला बरा.