आधी परतीचं बोला

अलास्काला जातोय असं फोनवर सांगितलं की पुण्याहून पहिला प्रश्न येतो, "क्रूझने का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग बरोबर गाईड असेल?" तोही नाही म्हटलं की तिसरा प्रश्न असतो तंबू, बूट आणि जॅकेट कुठलं घेतलंस याचा. आमचा चौघांचा ग्रुप येत्या जुलैत आठ दिवस पाठीवर सॅक घेऊन हिमनद्यांच्या प्रदेशात चालणार आहे. गेले चार महिने तयारी चालू आहे, आणि माझं मत असं झालंय की सामान हा या तयारीतला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसे टाकले की सामान मिळतं. अवघड आहे तो एक कागद.

आधी जागेबद्दल सांगतो. रॅन्गल-सेंट एलियास हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, 1980 साली झालेलं. क्षेत्रफळ 53,000 चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या अख्ख्या हरियाणाहून मोठं. एवढ्या मुलखात आत शिरणारे रस्ते दोन, तेही बहुतेक कच्चे. त्यातला एक मॅकार्थी गावाशी संपतो. जवळच केनेकॉटची तांब्याची खाण आहे, 1938 साली बंद पडलेली. तिथून पुढे छोटं विमान तुम्हाला एखाद्या नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर सोडतं आणि ठरलेल्या दिवशी न्यायला येतं. हवा खराब असेल तर तेही येत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांचा जास्तीचा शिधा घ्यायचा. शिधा अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात. पायवाटा जवळजवळ नाहीतच. आणि गंमत म्हणजे, आत मुक्कामाला परवाना लागत नाही!

परवाना नाही म्हणजे मोकळं रान, असं आपल्याला वाटतं. मला नेमकं उलटं वाटतं. परवाना असला की कुणीतरी आपल्या वतीने थोडा विचार केलेला असतो. इथे तो सगळा आपल्याच डोक्यावर. रेंजर मंडळी तुमच्या मार्गाची माहिती लिहून ठेवा म्हणतात, पण सक्ती करत नाहीत.

आता नकाशाचं बघा. अलास्काचे जुने सरकारी नकाशे 1:63,360 या प्रमाणाचे, म्हणजे एक इंच बरोबर एक मैल. डोंगराळ भागात बहुतेक ठिकाणी दोन समोच्च रेषांमध्ये 100 फुटांचं अंतर. म्हणजे 80 फुटांचा सरळसोट कडा त्या नकाशावर दिसणारही नाही! शिवाय यातले बरेच नकाशे 1950 च्या सुमाराच्या मोजणीवर आधारलेले आहेत. तेव्हा जिथे बर्फ होता तिथे आज दगडधोंड्यांचा चढ किंवा तळं असू शकतं. उपग्रहाची चित्रं जोडीला घेऊन बसावं लागतं, आणि तरीही प्रत्येक दिवसाला दुसरा पर्याय ठेवावा लागतो.

नद्यांचं तर आणखी वेगळं. आपल्याकडे ओढा पावसाने फुगतो, तिथे उन्हानेही फुगतो. दिवसभर हिमनदी वितळते आणि दुपारनंतर पाणी चढतं. म्हणजे निरभ्र, छान दिवस हाच धोक्याचा. पाण्यात दगडाची पीठासारखी भुकटी असते, तळ दिसत नाही. म्हणून पहाटे उतरायचं, पात्र रुंद होऊन अनेक फाटे फुटलेत अशी जागा शोधायची, आणि सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलोच तर सॅक झटकन टाकता येते.

अलास्कातच घडलेली ख्रिस मॅककँडलेसची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 'इंटू द वाइल्ड' पुस्तक आणि सिनेमा त्याच्यावरच आहे. 1992 च्या एप्रिलमध्ये त्याने टेक्लानिका नदी सहज ओलांडली. जुलैत परत निघाला तर तीच नदी उन्हाळ्याच्या पाण्याने भरून वाहत होती. मैलभराच्या आत तारेवरून नदी ओलांडायचा पाळणा होता, पण त्याच्याकडे तपशीलवार नकाशा नव्हता. तो नेमका कुठे आहे हे घरच्या कुणालाही माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये तो गेला. तो राहिला ती बस बघायला लोक जायला लागले आणि 2010 व 2019 मध्ये याच नदीत दोघीजणी बुडाल्या. शेवटी 2020 साली हेलिकॉप्टरने ती बसच उचलून नेली. लोक त्याला वेडा तरी म्हणतात नाहीतर संत तरी. मला त्यात एवढंच दिसतं की जायचा विचार झाला होता, यायचा झाला नव्हता.

म्हणून आमच्या कागदावर पहिली ओळ परतीची आहे. कोणत्या परिस्थितीत मागे फिरायचं, हे घरी बसून, पोटभर जेवून ठरवायचं. पाणी मांडीच्या वर असेल तर फिरायचं. चौघांतला एकजण नको म्हणाला तर फिरायचं, वाद नाही. हिमनदीवर भेगा ताज्या बर्फाने झाकल्या असतील तर फिरायचं. तिथे गेल्यावर विमानाचे भरलेले पैसे आणि जमवलेली रजा बोलायला लागते, आणि ती कधीच "फिरा" म्हणत नाही. बाकी कागदावर रोजचा मुक्काम, तंबूंचे रंग, विमानवाल्याचा नंबर, आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं ते. हा कागद माझ्या बायकोकडे राहणार.

आमच्यातला एक मित्र म्हणतो, "सॅटेलाइटचं यंत्र आहे ना बरोबर, बटण दाबलं की झालं." यंत्र आम्ही नेणारच आहोत. पण बटणाने निरोप जातो, ढगातून हेलिकॉप्टर येत नाही. आणि नदीत यंत्रच वाहून गेलं तर?

आता तुमच्याकडचं. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. सह्याद्रीतल्या कितीतरी घळींत मोबाइलला रेंज नाही. म्हणजे कागदाची गरज तिथे जास्तच! दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचे हुकूम निघतात. बंदीने गर्दी कमी होत असेल, पण डोंगरात कसं वागावं हे कुणी शिकत नाही. आणि कुणी अडकलं की लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपली कामं सोडून रात्री-अपरात्री निघतात. त्यांना निदान कुठे शोधायचं एवढं तरी कळायला नको का?

त्यासाठी ना हुकूम लागतो ना पैसा. कुठून चढणार, कुठून उतरणार, बरोबर कोण, कितीपर्यंत फोन करणार, फोन नाही आला तर कुणाला सांगायचं. पाच ओळी. राजमाचीला जात असलात तरी लिहा आणि घरी फ्रिजवर लावून जा. आई काळजी करेल म्हणून मोघम सांगून निघायची आपल्याकडे पद्धत आहे. काळजी ती तशीही करतेच. निदान तिच्या हातात काहीतरी असू द्या.