दडून बसणें आणि बोलणें

जांब येथें श्रीसमर्थांचा जन्म इ. स. १६०८ सालीं, चैत्र शुद्ध नवमीस झाला. बाळ नारायण अंधाऱ्या खोलींत दडून बसला, आणि मातेनें विचारतां आपण जगाची काळजी वाहत होतों असें म्हणाला, ही आख्यायिका आमच्या गांवांतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. नवमीच्या उत्सवांत ती पुन्हां सांगून झाली, तों आमच्या पुतण्याच्या मुलानें विचारलें, "आजोबा, बाबांचें जहाजसुद्धां रडारपासून दडतें ना? मग तें बोलतें कसें? आणि बोलतें, तर बाबांचा फोन कां येत नाहीं?" सूनबाईंनीं मान खालीं घातली. तीन आठवडे फोन नव्हता. या प्रश्नाचें उत्तर आम्ही येथेंच देतों.

मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली, सुमारें १४९ मीटर लांबीची 'नीलगिरी' ही युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजीं नौदलांत दाखल झाली. अशा नौकांच्या बाजू कललेल्या असतात. रडारची लहर सरळ समोर आलेल्या भिंतीवर आदळली कीं आल्या वाटेनें परतते. कललेल्या भिंतीवरून ती भलतीकडे फेंकली जाते. मात्र 'न दिसणें' याचा अर्थ येथें कमी दिसणें एवढाच. लहर जातांना क्षीण होते, तशीच परततांनाही होते. म्हणून शत्रूच्या रडारची दृष्टि निम्म्या अंतरावर आणावयाची, तर प्रतिध्वनि सोळाव्या हिश्शावर आणावा लागतो, आणि एक दशांशावर आणावयाची तर दहाहजाराव्या हिश्शावर!

एवढा खटाटोप करून वर डोलकाठीवर उघड्या अँटेना उभ्या केल्या, तर सारें व्यर्थ. लहर घेणें व फेंकणें हा तर अँटेनेचा धर्मच. त्यावर उपाय तीन आहेत.

पहिला, अँटेना चपटी करणें. विद्युत्‌रोधक पातळ पट्टीवर धातूचा चौकोनी तुकडा, व पाठीशीं धातूचाच पत्रा. सेकंदास १० अब्ज कंपनें असलेल्या लहरीची लांबी ३ सेंटिमीटर. तिच्यासाठीं ही पट्टी एकदोन मिलिमीटर जाडीची पुरते व पृष्ठभागांत बेमालूम बसते. मुख्य दोष हा: ती लहरींच्या फार अरुंद पट्ट्यांतच काम देते. हा पट्टा रुंद कसा करावा, या एकाच विषयावर गिरीश कुमार व के. पी. राय यांचा इंग्रजी ग्रंथ २००३ सालीं निघाला. दुसरा उपाय निवडक आवरणाचा. तें आपल्या लहरींस वाट देतें, इतरांपुढें धातूच्या कललेल्या भिंतीसारखें वागतें. तिसरा, अनेक अँटेना एकाच स्तंभांत सामावणें. जपानच्या 'मोगामी' वर्गाच्या नौकांवर 'युनिकॉर्न' नांवाचा असा स्तंभ आहे. तो भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्यानें भारतांत घडविण्याविषयीं १५ नोव्हेंबर २०२४ रोजीं टोकियो येथें उभय देशांनीं सह्या केल्या.

तथापि एक फट उरतेच. ज्या लहरीवर अँटेना स्वतः बोलते, त्या लहरीपुरतें दार उघडें ठेवावेंच लागतें. शिवाय जो बोलतो त्याला हुडकण्यास रडारही लागत नाहीं. नुसता कान पुरतो. म्हणून कितीही कुशल अँटेना असली तरी शेवटचा उपाय माणसाच्याच हातीं राहतो: बोलावें तें थोडें, हलक्या आवाजांत, नेमक्या दिशेस, आणि प्रसंगीं मुळींच बोलूं नये.

आम्हीं मुलास सांगितलें, "तुझे बाबा गप्प आहेत, ते तुम्हांस विसरले म्हणून नव्हे. जहाजावर जितकीं माणसें आहेत, तितक्या घरांची काळजी त्या गप्प राहण्यांत आहे." मुलाचें समाधान झालें कीं नाहीं, कोण जाणे. तो दिवा लावण्यास आईपाठोपाठ आंत गेला. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरचा कोणी समुद्रावर असेल, त्यांनीं फोन न आलेल्या दिवशीं एवढें आठवावें.