म्हणे, पोट भरल्यावरचे उद्योग!

"कविता, चित्रं, गाणी... हे सगळे पोट भरल्यावरचे उद्योग!" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलं, पालक सभेत ऐकलं, लग्नाच्या पंगतीतही ऐकलं. म्हणणारा मोठ्या शहाणपणाने म्हणतो आणि ऐकणारे माना डोलावतात. मी पडले मराठी शिकवणारी बाई, तेव्हा बाण बहुधा माझ्याच दिशेने यायचा. नोकरीत असताना हसून सोडून देत असे. आता सत्तरी उलटली, कुणाची भीड उरली नाही. म्हणून स्पष्टच सांगते, मंडळी, हे वाक्य खोटं आहे. आपल्या महाराष्ट्रापुरतं तर साफ खोटं!

जात्यावरच्या ओव्यांचंच बघा ना. पहाटे उठून, रिकाम्या पोटी, दिवसभराच्या कष्टांच्या आधी बायका दळायला बसत. खुंटा फिरायचा आणि त्या फेऱ्यांवर ओवी चालायची. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सीतेचा वनवास, सगळं त्यात यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावी फिरून या ओव्या गोळा केल्या. भरल्या १ लाखाहून अधिक! २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. आता सांगा, यांतल्या कुठल्या बाईने आधी पोट भरून घेतलं आणि मग तक्क्याला टेकून ओवी रचली?

बहिणाबाई चौधरी तर घराघरात ठाऊक आहेत. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. अक्षरओळख नाही. शेतात राबता राबता, घरकाम करता करता गाणी सुचायची. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या मंडळींनी त्यांतली काही उतरवून घेतली. बाई गेल्या १९५१ साली. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. म्हणजे कवयित्री म्हणून नाव झालेलं पाहायलाही त्या नव्हत्या. मग गात होत्या कशासाठी? काम आणि गाणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी खाती नव्हतीच, हे त्याचं उत्तर.

नारायण सुर्वे घ्या. गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आलं, ते काही आरामखुर्चीतून आलेलं नाही. डहाणूकडच्या वारल्यांच्या घरी लग्न असलं की सुवासिनी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर चौक काढतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. त्याच डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की ही 'कला' आहे. ज्यांच्या घरी धान्य कमी, त्यांनी त्यातलंच मूठभर भिंतीला लावलं!

आता कुणी म्हणेल, बाई, कष्टांचे गोडवे गाऊ नका. अजिबात गात नाही. जातं गेलं ते फार चांगलं झालं, मला ते परत नको. कवितेने भूक भागत नाही हेही मला कळतं. उपाशी मुलाला आधी भाकरीच द्यायची. पण भाकरी दिली म्हणून त्याच्या हातातला खडू काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

आणि शाळांत नेमकं हेच होतं. परीक्षा जवळ आली की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा. "सर, आज तुमचा तास मला द्या, गणिताचा भाग राहिलाय." चित्रकलेचे सर बिचारे निमूटपणे देतात. गणिताचा तास कुणी चित्रकलेसाठी मागितल्याचं माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिलं नाही. दहावीत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर मात्र पालक धावत येतात. म्हणजे चित्र नको, गुण हवेत! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर असे कठोर भेद नसावेत, असं छान लिहिलं आहे. वेळापत्रकात ते कधी उतरणार?

यात नुकसान कुणाचं होतं, तेही बघा. खात्यापित्या घरातलं मूल बाहेर क्लास लावून चित्रकला शिकेल, गाणं शिकेल. ज्याच्या घरी रंगपेटी नाही, त्याला तो शाळेतला एकच तास असतो. म्हणजे 'आधी पोटाचं बघा' म्हणत आपण गरिबाच्याच पोराचा तास कापतो. वर त्याच्या भल्यासाठी कापला म्हणून सांगतो!

आणि ज्यांची पोटं भरली, त्यांचं काय? दारात रांगोळीचं प्लॅस्टिकचं स्टिकर. बारशाला पाळणा मोबाईलवर. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दुसऱ्याने लिहिलेल्या, पुढे ढकललेल्या. दळण गिरणीत गेलं, पाणी नळाला आलं, हाताशी वेळ आला. त्या वेळात आपण चार ओळी स्वतःच्या जोडल्या का?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "हे पोट भरल्यावरचे उद्योग" म्हणालं, तर मी माना डोलावणाऱ्यांत नसेन. एवढंच विचारेन, "तुमचं पोट भरून किती वर्षं झाली हो? मग अजून सुरुवात का नाही केलीत?"