भागिले पाच!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘एकोणसत्तर’ म्हटलं की अजून मनात भाषांतर करावं लागतं! (शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.) पण हिशोब बरा जमतो, आणि त्याच जोरावर गेल्या दिवाळीत मी बाबांच्या मित्रांचा मूड घालवला.

बाबा आणि त्यांचे चार कॉलेजमित्र. म्हातारपणी मुळशीकडे जमीन घ्यायची, पाच घरं बांधायची, मध्ये एक मोठं स्वयंपाकघर... जमीन अधिक बांधकाम, भागिले पाच. झालं बजेट!

मी विचारलं, “काका, आपल्यात शेतकरी कोण आहे?” 1948 च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे एनए प्लॉट, म्हणजे भावच वेगळा. शिवाय वकिलाचा सर्च रिपोर्ट, मोजणी, स्टॅम्प ड्यूटी, आर्किटेक्टची फी, बोअर, वीज, आतला रस्ता. वहीत यातलं काहीच नाही. आणि ते स्वयंपाकघर? सगळ्यांचं, म्हणून कुणाच्याच खात्यात नाही!

पण खरा खड्डा वेळेचा. ही कल्पना डेन्मार्कची. तिथे यान गुडमंड-होयर या आर्किटेक्टने 1964 मध्ये मित्र जमवले, जागाही घेतली. शेजाऱ्यांच्या विरोधामुळे ती सोडावी लागली. तिथली पहिली अशी वसाहत, सेटडॅमन, उभी राहिली 1972 मध्ये. आमच्याकडे तर राहता फ्लॅट विकून पैसे उभे करायचे. मग तोवर राहणार कुठे? महिना 18 हजार भाडं धरा. काम दोनच वर्षं रखडलं तरी एका घराचे 4 लाख 32 हजार गेले. हे ‘किरकोळ’ मध्ये कसं बसवणार?

शेवटी मी विचारलं, कुणी मध्येच माघार घेतली तर त्याचे पैसे किती आणि कधी परत द्यायचे? सगळे गप्प. एक काका म्हणाले, “मित्रांत असलं लिहून घ्यायचं का?”

मला वाटतं, मित्रांतच घ्यायचं. अनोळखी माणसाशी आपण कोर्टात भांडू, मित्राशी नुसतं बोलणं बंद करू. म्हणून जमीन बघायच्या आधी प्रत्येकाने बुडले तरी चालतील एवढेच पैसे काढावेत, त्यातून वकील आणि आर्किटेक्टला विचारावं, आणि माघारीचा नियम पहिल्याच पानावर लिहावा.

ते काका दिवाळीनंतर आलेले नाहीत. आई म्हणते, तुझ्यामुळे. बाबा काहीच म्हणत नाहीत. रविवारी बाकीचे तिघं येणार आहेत... भागिले चार करायला.