कंबर, मोबाइल आणि घरातली वीस मिनिटे

‘मणक्यात गॅप आलाय’ हे शब्द एकदा कानावर पडले की घराची रीतच बदलते. अम्मी पाण्याची बादली उचलायला घाबरतात. अब्बा मशिदीत खुर्ची शोधू लागतात. मेडिकलमधून कमरेचा पट्टा येतो आणि तो पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. कंबर मात्र दुखतच राहते.

या गॅपची भीती थोडी कमी करू या. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही, अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि तरीही त्यांना दुखणे नव्हते. केस पांढरे व्हावेत तसे हे वयाबरोबर बरेचदा होते. रिपोर्टमध्ये दिसणारी झीज हेच दुखण्याचे कारण आहे, असे दर वेळी म्हणता येत नाही.

तीन महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या अशा कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. रुग्णाला दुखणे नीट समजावून सांगणे आणि ठरवून दिलेला व्यायाम, यांना त्यात मानाची जागा आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून मणका ताणणे, अल्ट्रासाउंड मशीनचा शेक, हे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असेही त्यात म्हटले आहे. आपल्याकडे पैसा नेमका कशावर खर्च होतो, ते प्रत्येकाने आपल्या घरातले कपाट उघडून पाहावे.

व्यायाम करायचा हे डॉक्टरही सांगतात. चित्रांचा एक कागद मिळतो, चार दिवस तो फ्रिजवर चिकटलेला असतो, पाचव्या दिवशी त्यावर किराण्याची यादी लिहिली जाते. शिक्षकाला हे चांगले ठाऊक असते: धडा कळला म्हणून गृहपाठ होतोच असे नाही. मोबाइलमधली व्यायामाची ॲप कामाला येतात ती इथे. ती आठवण करून देतात, हालचाल व्हिडिओत दाखवतात, किती वेळा केले ते मोजतात आणि दुखणे किती आहे ते विचारून पुढचा पाठ सोपा किंवा अवघड करतात.

याचा खरोखर उपयोग होतो का? डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये ‘सेल्फबॅक’ नावाच्या ॲपची रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कंबरदुखीचे ४६१ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्या उपचारांसोबत हे ॲप दिले. ॲप दर आठवड्याला तीन गोष्टी सांगे: किती पावले चालायची, कोणते व्यायाम करायचे आणि दुखण्याविषयी काही समजुतीच्या गोष्टी. आराखडा ठरवताना ते अशाच तक्रारीच्या आधीच्या रुग्णांना कशाचा गुण आला, ते पाही. मुरलेले शिक्षक नव्या मुलाला शिकवताना जुना विद्यार्थी आठवतात, तसेच काहीसे.

तीन महिन्यांनंतर, कंबरेमुळे रोजच्या कामांत येणाऱ्या अडचणींची २४ मुद्द्यांची यादी दोन्ही गटांकडून भरून घेतली. किमान चार गुणांची सुधारणा ॲप वापरणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांना आणि इतरांपैकी ३९ टक्क्यांना झाली. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक मात्र एका गुणाहूनही कमी होता. थोडक्यात, फायदा खरा आहे आणि तो बेताचा आहे. ‘सात दिवसांत कंबरदुखी गायब’ अशी जाहिरात करणारे ॲप दिसले तर ते डाउनलोड न केलेलेच बरे.

आता आपल्या घरांकडे येऊ. ॲपची घंटी वाजते तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते. फोन मुलाच्या हातात असतो. हॉलमध्ये पाहुणे बसलेले असतात आणि आतल्या खोलीत अंथरुणे पसरलेली असतात. अशा घरात सून किंवा सासू जमिनीवर पडून पाय वर करणार कुठे आणि कधी? व्यायाम न होण्याला आपण बाईचा आळस म्हणतो, ते मला पटत नाही. तिला दार बंद करून वीस मिनिटे मिळाली आणि तेवढा वेळ भाजीची कढई दुसऱ्या कोणी पाहिली, तरच ॲपला अर्थ आहे. हे काम शोहर करू शकतो, मोठा मुलगाही करू शकतो.

वेळ घड्याळावर ठरवण्याऐवजी नमाजाला जोडली तर लक्षात राहते. असरनंतर म्हटले की असरनंतर. काही ॲप कॅमेऱ्यातून हालचाल तपासतात. ती परवानगी नाकारता येते. कॅमेऱ्याशिवाय चालतच नाही असे ॲप असेल तर दुसरे निवडावे. नुसता व्यायाम दाखवण्यासाठी कॉन्टॅक्टची यादी मागणारे ॲप तर ठेवूच नये.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करा. पायातली ताकद कमी झाली असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल, जांघेच्या आतली जागा बधिर वाटत असेल, तर ॲप बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, कारण नसताना उतरणारे वजन, रात्री झोपेतही न थांबणारे दुखणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा टीबी, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. मणक्याचा टीबी आपल्या देशात आजही आढळतो. गरोदर बायकांनीही विचारूनच सुरुवात करावी.

व्यायाम साधेच असतात. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर सावकाश वर उचलायची आणि खाली आणायची. हात-गुडघ्यांवर राहून पाठ वर फुगवायची, मग खाली सोडायची. त्याच स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, नंतर उलट. पाच-पाच वेळांनी सुरुवात पुरे. दुसऱ्या दिवशी थोडे अंग आंबले तर घाबरायचे कारण नाही. कळ पायात खाली उतरू लागली तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

खुर्चीवरच्या नमाजाचेही त्यांनाच विचारा. आजाऱ्याला ती सवलत आहेच, तिच्यात कमीपणा नाही. पण खुर्ची कायमची धरण्याआधी रुकू आणि सजदा त्यांच्यासमोर करून दाखवा. त्यातले काय झेपते आणि काय हळूहळू परत येऊ शकते, ते ते सांगतील. उलट, ‘पाच वेळा नमाज होते, वेगळा व्यायाम कशाला’ असेही काही जण म्हणतात. इबादत इबादतीच्या जागी, कंबरेचा गृहपाठ वेगळा.

ज्या घरात फोनच एक आहे, तिथे चालणे आहे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे ध्येय एका गटाला दिले होते. या गटात दुखणे पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागले. दुसऱ्या गटात ११२. फजरनंतर दोघी-तिघी शेजारणी मिळून निघाल्या तर आठवण करून द्यायला घंटीही लागत नाही, शेजारीण दारावर थाप मारतेच.