जास्त म्हावरं लागलं की माणसं दुरावतात, तेव्हा



एखाद्या बोटीला सलग दोन-तीन फेऱ्या चांगलं म्हावरं लागलं की धक्क्यावर कुजबुज सुरू होते. "नशीब फळफळलं त्याचं." "काहीतरी भानगड असणार." आणि तीच बोट रिकामी परतली की, "तांडेलाला अक्कल नाही." म्हणजे मिळालं तर नशीब, नाही मिळालं तर चूक त्याची!

ऑगस्ट 2021 आठवत असेल. पालघरच्या मुरब्यातल्या एका बोटीला एकाच वेळी 157 घोळ लागले, सुमारे 1 कोटी 33 लाखांना गेले. सगळीकडे एकच शब्द, नशीब. नशीब होतंच, कोण नाही म्हणतो? पण घोळ आले तेव्हा जाळं पाण्यात होतं, हेही खरं ना?

आता ज्याला जास्त मिळतंय त्याच्याशी थोडं बोलायचंय. दादा, लोक बोलतात ते सगळंच जळून बोलतात असं समजू नकोस. आधी स्वतःला विचार, की आपण कसं पकडतोय? पर्ससीनवर राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 ला निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. ती काही कुणाच्या जळण्यातून आली नाही. रात्री दिवे लावून मासळी ओढायची आणि शेजारी चिडला की "माझी प्रगती बघवत नाही" म्हणायचं, हे चालणार नाही. ती तक्रार आहे आणि रास्त आहे.

पण नियमात राहून, बंदीचे दोन महिने जाळी नीट विणून, इंजिनचं काम वेळेवर करून जास्त आणत असशील, तर मान खाली घालायचं कारण नाही. मुद्दाम कमी सांगू नकोस. वजन लपवलं की संशय वाढतो, आणि तो आधी आपल्याच बोटीवर वाढतो. खलाशांचा वाटा सगळ्यांसमोर, वहीत लिहून दे. माझं मत विचाराल तर निम्मी कुजबुज तिथूनच बाहेर पडते.

जागा सांगितलीच पाहिजे असं नाही, ती कोणीच सांगत नाही (मीही नाही!). रीत मात्र सांगावी. पुष्कळदा फरक बर्फाचा असतो. जाळं वर आल्या आल्या मासळी निवडून बर्फात गेली की लिलावात भाव वेगळाच लागतो. हे शेजाऱ्याला सांगून आपलं काय कमी होतं?

टोमणे सगळ्यात जास्त ऐकावे लागतात ते घरच्या बायकांना, बाजारात पाटीला पाटी लावून बसल्यावर. "तुमचं काय बाई, तुम्ही आता शेठ!" तिथे उलट उत्तर देऊ नये, हे आमच्या आईचं म्हणणं होतं. शेजारणीची पाटी उरली तर आपलं गिऱ्हाईक ती तिच्याकडे पाठवायची. बोलणं थांबलं असं नाही, पण कमी झालं.

आणि अबोला धरू नका. पंचवीस-तीस मैलांवर इंजिन बंद पडलं की वायरलेसवर हाक द्यावी लागते ती जवळच्या बोटीला. टोचन करून आणायला येणारा बहुतेक वेळा तोच असतो, जो परवा धक्क्यावर आपल्याबद्दल बोलत होता.